चित्राखाली नाव आहे, चादरीखाली का नाही?

गेल्या हिवाळ्यात मालाच्या कामासाठी मुंबईस जाणे झाले. मुंबई आम्हाला नवीन नाही. तीस वर्षांपासून वर्षाकाठी पाच-सहा खेपा होतातच. दिवसभर मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट, आणि रात्री मुक्कामाला मुहम्मद अली रोडच्या आसपासचे एखादे गेस्ट हाऊस. लोखंडी पलंग, भिंतीवर कुठल्याशा ट्रान्सपोर्ट कंपनीचे कॅलेंडर, पहाटे अजान आणि खाली उतरले की गरम नान. याहून अधिक काही असावे असे आम्हाला कधी वाटले नाही. या वेळी मात्र आमचा मुक्काम अशा ठिकाणी पडला की दोन रात्री नीट झोप लागली नाही. गादी वाईट होती म्हणून नव्हे. गादी फार उत्तम होती.

झाले असे की, दोन वर्षांपूर्वी एका डेकोरेटरमार्फत आमच्या दुकानातून काही हिमरूचा माल मुंबईच्या एका हॉटेलात गेला होता. पलंगाच्या पायथ्याशी आडवा टाकतात तो पट्टा, ज्याला हॉटेलवाले रनर म्हणतात, आणि उशांचे अभ्रे. आता त्यांना आणखी माल हवा होता, पण रंग खोलीच्या उजेडात मिळवून पाहायचा होता. म्हणून त्यांनी आम्हालाच बोलावले आणि दोन रात्रींचे भाडे निम्मे केले. निम्मे भाडेसुद्धा आमच्या नेहमीच्या गेस्ट हाऊसच्या आठवडाभराच्या भाड्याइतके होते, हे येथे सांगितलेले बरे. हॉटेलचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. जे सांगायचे आहे ते एका हॉटेलापुरते नाही, आणि त्यात हॉटेलापेक्षा आमचाच दोष मोठा आहे.

हिमरू म्हणजे काय हे जुन्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा, आणि वेलबुट्टी अशी की लांबून पाहणाऱ्याला किनखाब वाटावा. शब्द फारसीतला आहे. हुबेहूब, सारखा, असा त्याचा अर्थ सांगतात. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली तेव्हा कारागीरही आले आणि राजधानी परत गेली तरी कारागीर राहिले, अशी आमच्याकडची सांगीवांगी आहे. निजामाच्या काळात हिमरूच्या शेरवान्या शिवल्या जात. आज हातमागावर खरा हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि पर्यटकांना हिमरू म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे यंत्रमागावरचे असते. असो.

हॉटेल लहानच. एकंदर अठरा खोल्या. पण प्रत्येक खोली एकेका कलेला किंवा चित्रकाराला वाहिलेली. दारावर नुसता क्रमांक नाही, नावही आहे. आम्ही बॅग घेऊन आत शिरलो तर प्रथम वाटले की चुकून एखाद्या चित्रप्रदर्शनात आलो. समोर काउंटर दिसेना. मोठी पांढरी भिंत, भिंतीवर एकच चित्र, चित्रावर एकच दिवा. आमच्या व्यापारी डोळ्याला पहिली गोष्ट ती खटकली आणि दुसऱ्याच क्षणी पटली. आम्ही दुकानात एका भिंतीवर शंभर ठाण लावतो आणि ग्राहकाला म्हणतो, बघा साहेब, किती व्हरायटी आहे. ग्राहकाची नजर कुठेच ठरत नाही आणि शेवटी तो भावावर येतो. इथे एकच चित्र होते. नजर दुसरीकडे जायला जागाच नाही, मग भावाचा प्रश्न बराच उशिरा येतो. आमच्या पोरांनी दुकानाची मांडणी शिकायला असल्या ठिकाणी एक तास उभे राहावे, असे आम्हाला वाटले.

प्रत्येक चित्राशेजारी बोटभर रुंदीचे कार्ड. त्यावर चित्रकाराचे नाव, गाव, साल, कशावर रंगवले, कशाने रंगवले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही दुकानात ग्राहकांकडून शिकलो आणि इंग्रजी बिलांवरून. तरी ती कार्डे आम्ही एकेक करून सगळी वाचली.

पहिल्यांदा जी खोली मिळाली तिच्यात पलंगाच्या वर एका स्त्रीचे भिंतभर चित्र होते. चित्र चांगलेच असेल, त्यातले आम्हाला कळत नाही. पण ज्या खोलीत पाच वेळा सजदा करायचा तिथे असा चेहरा डोक्यावर असणे आम्हाला जमेना. अर्धा तास संकोचात गेला. लोक काय म्हणतील, चित्रांच्या हॉटेलात येऊन चित्र नको म्हणतो! शेवटी खाली जाऊन काउंटरवरच्या मुलीला खरे कारण सांगितले. ती म्हणाली, "अंकल, एवढंच ना? जाळीची खोली रिकामी आहे, ती देते. तिथे एकही माणूस नाही." आम्ही दोघेही हसलो. आमच्या बांधवांना येथे एक सांगावेसे वाटते की आपली अडचण साध्या शब्दांत सांगितली तर बहुतेक ठिकाणी ऐकून घेतले जाते. आपण आधीच गाल फुगवून बसतो.

जाळीच्या खोलीत भिंतीवर अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीच्या दगडी जाळीचा मोठा फोटो होता. झाड आणि त्याच्या एकमेकींत गुंतलेल्या फांद्या. मशीद १५७३ च्या सुमाराची, आणि त्या जाळीवरूनच अहमदाबादच्या आयआयएमने आपले बोधचिन्ह घेतले. ही जाळी आम्ही स्वतः पुष्कळदा पाहिली आहे. तिच्या समोरच १९२४ साली गिरणीमालक शेठ मंगलदास गिरधरदास यांनी बांधलेली कोठी आहे. तिचेही आता 'हाऊस ऑफ एमजी' नावाचे हॉटेल झाले आहे आणि तिथे जुन्या कापडाचा संग्रह पाहुण्यांसाठी मांडलेला आहे. म्हणजे कापडाच्या पैशातून उभे राहिलेले घर आज कापड दाखवून चालते.

पण आम्ही त्या फोटोकडे फार वेळ पाहिले नाही. कारण पलंगावर आमचा माल पसरलेला होता.

तीस वर्षे आम्ही हे कापड ठाणात, गठ्ठ्यात, बिलात पाहिले. पांढऱ्याशुभ्र चादरीवर, एका दिव्याच्या उजेडात ते कधी पाहिले नव्हते. काळसर लाल जमीन, त्यावर मोतिया रंगाची बुट्टी. खरे सांगायचे तर आम्हाला आमचाच माल ओळखायला क्षणभर लागला. बाजूच्या टेबलावर इथेही एक कार्ड होते. आम्ही चष्मा लावून वाचू लागलो. लिहिले होते की हे वस्त्र दख्खनच्या सातशे वर्षांच्या परंपरेतले असून अनाम हातांनी विणलेले आहे.

अनाम! ज्यांनी ते विणले त्यांचे नाव, गल्ली, मुलांची नावे, मोठ्या मुलीच्या लग्नाला आम्ही दिलेली उचल, सगळे आमच्या वहीत आहे. दर जुम्याला ते आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतात. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, आम्हीही म्हणतो. आणि इथे, भिंतीवरच्या फोटोखाली फोटो काढणाऱ्याचे नाव, दिव्याच्या खाली दिवा बनवणाऱ्या कंपनीचे नाव, आणि पलंगावर अनाम हात. प्रथम राग आला. मनात म्हटले, सकाळी त्या मॅनेजरला चांगले ऐकवू.

मग सवयीने कापड उलटे करून पाहिले. कापडाचा व्यापारी कापडाची पाठ पाहिल्याशिवाय राहत नाही. धुऊन धुऊन एका टोकाची शिलाई सुटली होती, आणि आत दुमडलेल्या पट्टीत दोन हिरवे धागे दिसले. वाचकांना सांगितले पाहिजे, ते दोन हिरवे धागे म्हणजे चाचांची खूण. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. तुकडा मागावरून उतरवण्यापूर्वी शेवटच्या चार बोटांत ते दोन हिरवे बाणे टाकतात. आणि आम्ही काय करतो? माल दुकानात आला की दर्जी ती चार बोटे आत दुमडून शिलाई मारतो. तीस वर्षे मारतो आहे. टोक सफाईदार दिसावे म्हणून, असे आम्ही ग्राहकाला सांगतो, चाचांना सांगतो, आणि इतकी वर्षे स्वतःलाही सांगत आलो.

खरे कारण तिजारतीत असलेला प्रत्येक माणूस जाणतो. खूण दिसली तर ग्राहक विचारील, ही कोणाची? नाव सांगितले तर तो पत्ता विचारील. पत्ता मिळाला तर उद्या आमच्या दुकानाच्या पायरीवर कोण चढेल? डेकोरेटरने दोन वर्षांपूर्वी विचारले होते, "हे कोण विणतं?" आम्ही उत्तर दिले होते, "आमच्याकडेच बनतं." त्याने हॉटेलला तेच सांगितले असेल, आणि हॉटेलवाल्याने ज्याचे नाव कळले नाही त्याला अनाम लिहिले. त्यात त्याचे काय चुकले? नाव पुसण्याचे काम मुंबईत झालेच नव्हते. ते आमच्या दुकानाच्या माडीवर, शिलाई मशीनवर झाले होते.

ती रात्र अशी गेली.

आता थोडे या हॉटेलांच्या धंद्याविषयी, कारण त्यात आपल्याला घेण्यासारखे आहे. अशा लहान, एका कल्पनेवर सजवलेल्या हॉटेलांना बुटिक हॉटेल म्हणतात. बुटिक हा फ्रेंच शब्द, अर्थ साधा: दुकान. लंडनचे ब्लेक्स हे १९७८ चे हॉटेल या प्रकारातले सुरुवातीचे मानतात. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी मॉर्गन्स नावाचे हॉटेल काढले तेव्हा रुबेलने वार्ताहरांना समजावले की इतर हॉटेले म्हणजे सगळा माल एका छताखाली विकणारी मोठी भांडारे आणि आमचे हॉटेल म्हणजे बुटिक. म्हणजे पाहा, हॉटेलवाल्याला आपल्या धंद्याची उपमा सापडली ती आपल्या गल्लीत! मोठ्या भांडाराशी भावात टक्कर देता येत नाही, तेव्हा लहान दुकानदाराने निवडक माल ठेवावा आणि प्रत्येक वस्तूची हकीकत सांगावी, ही अक्कल कापडवाल्याची आहे. तिच्यावर हॉटेलवाल्यांनी खोल्या भरल्या, आणि आपण मात्र अजून मीटरवर भाव करतो.

पलंग, पाणी, साबण सगळीकडे सारखाच. त्या हॉटेलात जे जास्तीचे भाडे घेतले जाते ते भिंतीवरच्या हकीकतीचे आहे, आणि हकीकत नावाशिवाय उभी राहत नाही. ही गोष्ट मोठ्या हॉटेलांनाही फार पूर्वी कळली. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. त्याच्या भिंतींवर हुसेन आणि गायतोंडे यांच्यासारख्यांची चित्रे आहेत. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून त्यांनी पोट भरले. होर्डिंग रंगवणाऱ्याला त्या काळी मजुरी मिळत असे. त्याच हाताने पुढे कॅनव्हासच्या कोपऱ्यात सही केली आणि त्या सहीने किंमत बदलली. हुसेनांच्या कामाविषयी आणि त्यावरून झालेल्या वादांविषयी कोणाचे काय मत असेल ते असो; येथे मुद्दा सहीचा आहे.

कोणी म्हणेल, चित्रकाराची गोष्ट वेगळी आणि विणकराची वेगळी. चित्रकार कल्पना करतो, विणकर नमुना उतरवतो. आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. पण आपल्याच इतिहासात याचे उत्तर आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इराणातल्या अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे, साडेदहा मीटर लांब. त्याच्या एका टोकाला चौकटीत मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे साल विणलेले आहे. इसवी सनाच्या हिशेबाने १५३९-४०. शाही काळातला माल, पण करून घेणाऱ्याचे नाव त्यावर आहे आणि म्हणून आज पावणेपाचशे-पाचशे वर्षांनंतर आपण ते उच्चारतो. ताजमहालासाठी हजारो हात राबले. त्याच्या भिंतींवर सही करण्याचा मान सुलेखन करणाऱ्या अमानत खान शिराजी यांना मिळाला. बाकीच्यांचे काय झाले? जाळी कोरणारे सिदी सय्यद मशिदीचे कारागीर कोण होते? मशीद बांधवून घेणाऱ्याचे नाव राहिले, कोरणाऱ्यांचे नाही.

कापडात तर नाव विणण्याची मोठी रीत होती. अब्बासी आणि फातिमी काळात तिराझ नावाचे कापड होत असे. काठावर लेखाची पट्टी. तिच्यात खलिफाचे नाव, पुष्कळदा वजीराचे, कारखान्याचे गाव आणि हिजरी साल. कैरोपासून न्यूयॉर्कपर्यंत संग्रहालयांत त्याचे तुकडे जपून ठेवले आहेत. पण येथेही बारकाईने पाहावे: हुकूम देणाऱ्याचे नाव काठावर, आणि धोटा फेकणाऱ्याचे बहुधा कुठेच नाही. म्हणजे आमच्या दुकानाची रीत काही आजची नाही. कापडावर दुकानाचा शिक्का असतो, विणकराचा नसतो.

आता व्यापारी बांधवांच्या भीतीविषयी बोलू, कारण ती खोटी नाही. एक जुनी गोष्ट सांगतो. १९९८ साली आमच्या एका ग्राहकाने आमच्याच एका विणकराला परभारे गाठले. दोन वेळा माल घेतला, रोख पैसे दिले, आमच्यापेक्षा थोडे जास्तच दिले. तिसऱ्या वेळी मोठी ऑर्डर दिली, माल नेला आणि पैसे बुडवले. विणकर डोके धरून आमच्याकडे आला. आम्ही त्याला सूत दिले, माग पुन्हा चालू केला, सहानुभूतीचे चार शब्द बोललो, आणि मनातून खूश झालो. होय, खूश झालो. आता कोणी विणकर परभारे जाणार नाही, याचे समाधान वाटले. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचे बोलणे खरे होणार नाही.

मधला व्यापारी नुसता बसून खातो असे जे शिकलेले लोक म्हणतात ते आम्हाला मान्य नाही. सुताचे पैसे आधी कोण घालतो? पावसाळ्यात विक्री नसताना माल कोण उचलतो? हॉटेलवाला नव्वद दिवसांनी पेमेंट करतो, तोवर विणकराच्या घरची चूल कशावर पेटते? रंग उतरला तर परत आलेला माल कोणाच्या माथी बसतो? या सगळ्या कामाची मजुरी आम्ही घेतो आणि ती हलाल आहे. पण मग प्रश्न असा की, जी मजुरी कामाची आहे ती नाव लपवून का राखावी लागते? चाचा एक पट्टा आठ-नऊ दिवसांत विणतात. त्याचे आम्ही जे देतो तेवढ्यात त्या खोलीत एक रात्रही राहता येत नाही. यातले अंतर सगळे आमच्या खिशात जात नाही, डेकोरेटर आहे, कर आहे, हॉटेलचा खर्च आहे. तरी अंतर ते अंतरच. भाव वाढवून मागायला आम्ही हॉटेलवाल्याकडे जातो तेव्हा तो म्हणतो, दुसरा कोणी स्वस्तात देतो. अनाम मालाला 'दुसरा कोणी' नेहमीच मिळतो.

कच्छचे अजरख छापणारे खत्री आपल्या सर्वांना माहीत आहेत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका गाव मोडले, पाण्याचाही प्रश्न उभा राहिला; तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी भुजजवळ अजरखपूर नावाने नवे गाव वसवले. त्यांचे इस्माईल मुहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. आज परदेशी गिऱ्हाईक अजरख मागताना खत्रींचे नाव घेऊन मागतो. छापील कारखान्याची नक्कल बाजारात आहेच, पण नाव मागणारा नकलेकडे जात नाही. अर्थात खत्री हे कारागीरही आहेत आणि आपल्या मालाचे व्यापारीही. आमचे चाचा तसे नाहीत. त्यांच्याकडे ना जीएसटी क्रमांक, ना नव्वद दिवस थांबण्याइतके भांडवल. म्हणून कच्छचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. त्यांच्या नावाला आमच्या दुकानाचा आधार लागेल, आणि आमच्या दुकानाला त्यांच्या नावाचा.

सरकारी चिन्हे आहेत आणि ती घ्यावीत. २००६ साली हातमाग चिन्ह निघाले, २०१५ साली इंडिया हँडलूम ब्रँड. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आहे. नोंद झालेल्या मालाच्या कारागिराला त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव नोंदवता येते, हे फार थोड्या विणकरांना कोणी सांगितले आहे. नोंदीचा फॉर्म भरून देणे हे काम व्यापाऱ्यानेच केले पाहिजे, विणकर कचेरीच्या पायऱ्या चढणार नाही. पण ही चिन्हे माल हातमागाचा आहे किंवा अमुक गावचा आहे एवढेच सांगतात. तो कोणत्या हाताचा आहे हे सांगायला वेगळे लेबल लागते, आणि त्याला कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नाही. विणीव लेबल शेकड्याने करून घेतले तर एका नगाला चहाच्या अर्ध्या कपाइतकाही खर्च येत नाही. गाव, विणकराचे नाव, महिना आणि साल. बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी मॅनेजरबाई स्वतः आल्या. आम्ही त्यांना ऐकवायचे ठरवले होते, त्याऐवजी हिरव्या धाग्यांची गोष्ट सांगितली आणि शिलाई आम्हीच मारतो हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, आम्हाला नाव मिळालं असतं तर आम्ही लिहिलंच असतं. आमच्या पाहुण्यांना तेच तर हवं असतं." त्यांनी नवीन कार्डासाठी नाव मागितले, फोटोही मागितला, आणि नवीन ऑर्डरमध्ये टोक दुमडू नका असे स्वतःच सांगितले. भाव मात्र त्यांनी वाढवला नाही. पुढच्या खेपेला बोलू म्हणाल्या. आम्हीही ताणले नाही.

घरी आल्यावर धाकट्या भावाशी वाद झाला. दुकान दोघांचे आहे. तो म्हणाला, "भाईजान, आज नाव द्याल, उद्या दुकान द्याल." तो चुकीचे बोलला असे आम्ही म्हणत नाही. महिन्याभरातच त्याचे म्हणणे खरे होण्याची वेळ आली. त्याच डेकोरेटरने कुठूनतरी नंबर मिळवून चाचांना फोन केला आणि थेट माल मागितला. चाचांनी त्याला भाव सांगितला तो आमच्यापेक्षा जास्त! वर म्हणाले, अर्धे पैसे आधी. डेकोरेटर पुन्हा आमच्याकडे आला. भाऊ हसला, पण आम्ही त्याला सांगितले की हे दरवेळी असेच होईल असे समजू नकोस. उद्या एखादा अर्धे पैसे आधी देणारा भेटेल. तेव्हा चाचा त्याला माल देतील आणि तो त्यांचा हक्क असेल. तोवर आमच्याकडून त्यांना मिळणारा भाव आम्हीच वाढवलेला बरा. या खेपेपासून पट्ट्यामागे मजुरी वाढवली आहे. किती, ते चाचांच्या आणि आमच्यातले आहे.

चाचांनी फोटो द्यायला साफ नकार दिला. हा लेख लिहितो आहोत हे सांगितले तेव्हा तेही म्हणाले, "पेपरात नाव नको बेटा, कापडावर टाक." म्हणून येथे त्यांचे नाव आलेले नाही. लेबलाचा नमुना घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, बोटाने चाचपला, उलटा करून पाठ पाहिली, आणि विचारले की यात अब्बांचे नाव कुठे आहे. हिरवे धागे तर त्यांचे होते. आम्ही म्हटले, जागा एकाच ओळीची आहे. ते काही बोलले नाहीत, नमुना आमच्या हातात परत दिला आणि मागावर जाऊन बसले.

लेबलवाल्याला फोन करून विचारले. दोन ओळी बसतात, पैसे तेवढेच पडतात म्हणाला.